गरजेची भाषा, आवडीचं साहित्य

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या स्पॅनिश विभागात पीएच.डी.ला प्रवेश मिळालेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात दोन कामांना जुंपला जातो. सकाळी अठरा-एकोणीस वर्षांच्या वीसेक मुलांसमोर उभं राहून तो क्रियापदं चालवून दाखवतो, हॉटेलात जेवण कसं मागवायचं ते वदवून घेतो, वह्या तपासतो. दुपारी तोच विद्यार्थी होऊन ‘ला सेलेस्तिना’ या पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या संवादकथेवरच्या चर्चेत बसतो. फी माफ असते, दरमहा बेताचा पगार मिळतो. हा पगार दुपारच्या वाचनासाठी नसतो, सकाळच्या तासासाठी असतो. या विषयातल्या उच्च शिक्षणाचं सगळं अर्थकारण आणि बरंचसं दुखणं या वेळापत्रकात सापडतं.

स्पॅनिशच्या पदव्युत्तर अभ्यासाचा आढावा माद्रिदपासून किंवा मेक्सिको सिटीपासूनही घेता आला असता. तिथे हा मातृभाषेचा विषय आहे. आपल्याकडे मराठी एम.ए.चा विद्यार्थी महानुभावांपासून निघून दलित आत्मकथनांपर्यंत येतो, तसा तिथला विद्यार्थी ‘सिद’च्या वीरकाव्यापासून आजच्या कादंबरीपर्यंत येतो, त्यात नवल काही नाही. अमेरिकेतलं प्रकरण मात्र चमत्कारिक आहे. घरात स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक या देशात राहतात. सान्ता फे, सॅन अँटोनियो, लॉस एंजेलिस ही गावांची नावंसुद्धा स्पॅनिश. तरीही बहुतेक विद्यापीठांच्या दप्तरी हा विषय ‘परकीय भाषा’ म्हणूनच नोंदला गेला. माझं म्हणणं असं, की इथे हा अभ्यास निव्वळ साहित्याच्या ओढीवर क्वचितच चालला. भाषेची गरज दर वेळी दुसऱ्याच कुणाला तरी होती: मुत्सद्द्यांना, निर्यातदारांना, संरक्षण खात्याला, आणि आता इस्पितळांना व कोर्टांना. त्या गरजेच्या पैशावर साहित्याचे वर्ग भरले. गरज बदलली की वाचनाची यादीही बदलली.

हा हिशेब जुना आहे. १७८७ साली थॉमस जेफर्सनने पॅरिसहून पीटर कार या आपल्या भाच्याला अभ्यासाविषयी पत्र लिहिलं. इटालियन शिकलास तर बाकीच्या भाषांत घोटाळा होईल, स्पॅनिशवर मात्र भरपूर मेहनत घे, असा त्यात सल्ला आहे. पुढे स्पेनशी आणि स्पॅनिश अमेरिकेशी आपला संबंध येणार, हे एक कारण. आणि अमेरिका खंडाचा जुना इतिहास बराचसा स्पॅनिशमध्ये लिहिलेला आहे, हे दुसरं. विद्यापीठात मात्र विषय शिरला तो रसिकतेच्या वाटेने. एबिएल स्मिथ या व्यापाऱ्याच्या देणगीतून हार्वर्डला फ्रेंच आणि स्पॅनिशचं प्राध्यापकपद निर्माण झालं, आणि १८१९ मध्ये जॉर्ज टिकनर त्यावर रुजू झाला. ग्योटिंगेनला शिकलेला, स्पेन हिंडून आलेला, दुर्मीळ पुस्तकं जमवण्याचा नाद असलेला हा बॉस्टनचा सधन गृहस्थ. त्याचा स्पॅनिश साहित्याचा तीन खंडी इतिहास १८४९ मध्ये निघाला. खुद्द स्पेनमध्ये तोवर इतका सलग इतिहास लिहिला गेला नव्हता, त्यामुळे त्याचं लगेच स्पॅनिशमध्ये भाषांतर झालं. त्याच्या जागेवर पुढे लाँगफेलो आला. आपण त्याला शाळेतल्या कवितांमुळे ओळखतो. त्या काळी तो खोर्खे मान्रीके या मध्ययुगीन कवीचा भाषांतरकार म्हणूनही परिचित होता.

टिकनरचा ग्रंथ निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, १८४८ मध्ये, ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला होता. मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेने घेतला आणि तिथली स्पॅनिश बोलणारी माणसं जागच्या जागी परक्या देशाची नागरिक झाली. टिकनरच्या ग्रंथात ती कुठे नाहीत. असण्याचं कारणही नव्हतं, कारण त्याचा स्पेन सर्व्हांतेस आणि लोपे दे व्हेगाचा होता. पण बॉस्टनच्या ग्रंथालयात वाचलं जाणारं स्पॅनिश आणि रिओ ग्रांदेच्या काठी बोललं जाणारं स्पॅनिश यांची फारकत इथून सुरू झाली. ती अजूनही पुरती मिटलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन धर्तीची पीएच.डी. अमेरिकेत रुजली, १८८३ मध्ये आधुनिक भाषांच्या प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली, आणि स्पॅनिश हा ‘रोमान्स भाषा’ विभागातला फ्रेंचचा धाकटा भाऊ झाला. जुन्या हस्तलिखितांची पाठशुद्धी आणि ध्वनिबदलांचे नियम यांत प्रबंध लिहिले जात. या काळावर अधिक रेंगाळण्यात अर्थ नाही.

धाकट्याचं नशीब फिरलं ते पहिल्या महायुद्धात. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतले माध्यमिक शाळेतले जवळपास पाव विद्यार्थी जर्मन शिकत. युद्धज्वर चढला तशी जर्मनची पुस्तकं कपाटात गेली आणि काही वर्षांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. मोकळी झालेली जागा बरीचशी स्पॅनिशने घेतली. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता, दक्षिण अमेरिकेच्या बाजारपेठेची स्वप्नं पडत होती. शाळांना शिक्षक हवे झाले, शिक्षक घडवायला विद्यापीठं हवी झाली. १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची संघटना निघाली आणि तिच्या ‘हिस्पानिया’ या नियतकालिकाचा पहिला संपादक झाला ऑरेलिओ एस्पिनोसा.

एस्पिनोसाची गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. तो कोलोरॅडोत जन्मलेला, तिथल्या जुन्या स्पॅनिश भाषक वस्तीतला. शिकागो विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी त्याने न्यू मेक्सिकोच्या खेड्यांतल्या बोलीचा अभ्यास केला. म्हणजे १९०९ मध्येच एका विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या भाषेला संशोधनाचा विषय करून दाखवलं होतं. पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाल्यावर तो स्पेनमध्ये जाऊन लोककथा गोळा करून आला. पण त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर होता: न्यू मेक्सिकोतली गाणी, कहाण्या, उखाणे हे सगळं थेट जुन्या स्पेनमधून आलेलं आहे. मेक्सिकोचा आणि मूळनिवासींचा वाटा त्याने फारसा धरला नाही. विद्यापीठात मान मिळवायचा तर वंशावळ युरोपातली लागते, हे त्याने ओळखलं असावं. आपल्याकडे बोलींचा अभ्यास करताना प्रत्येक शब्दाला संस्कृत आजोबा शोधून देणारे पंडित होतेच की.

१९१६ मध्ये सालामांकाचा फेदेरिको दे ओनिस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला. माद्रिदमध्ये रामोन मेनेन्देस पिदाल यांनी ऐतिहासिक अभ्यासाचं जे केंद्र उभं केलं होतं, त्याची शिस्त तो बरोबर घेऊन आला. त्याने कोलंबियात संस्था उभी केली, नियतकालिक चालवलं, आणि लॅटिन अमेरिकेच्या कवितेला स्पेनच्या कवितेच्या पंगतीत बसवलं. १९२९ मध्ये स्पॅनिश कवी गार्सिया लोर्का इंग्रजी शिकायच्या निमित्ताने कोलंबियाच्या वसतिगृहात येऊन राहिला, तेव्हा त्याची काळजी घेणाऱ्यांत ओनिस होता. लोर्काला इंग्रजी काही आलं नाही. शेअर बाजार कोसळताना पाहून त्याने न्यूयॉर्कवर ज्या कविता लिहिल्या, त्यांचं पुस्तक त्याच्या खुनानंतर १९४० मध्ये निघालं, आणि आज ते स्पॅनिश एम.ए.च्या बहुतेक याद्यांत असतं.

लोर्का मारला गेला ते स्पेनचं यादवी युद्ध अमेरिकेतल्या स्पॅनिश विभागांना मात्र लाभलं, असं कडवटपणे म्हणावं लागतं. त्या युद्धात हुकूमशहा फ्रँकोच्या विजयाने स्पेनमधली एक अख्खी विद्वानांची पिढी देशोधडीला लागली, आणि तिच्यातले अनेक जण इथल्या वर्गांत शिकवायला उभे राहिले. पेद्रो सालिनास हा कवी वेलस्ली कॉलेजमध्ये आणि मग जॉन्स हॉपकिन्समध्ये. खोर्खे गियेन वेलस्लीत. आमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनमध्ये. तोमास नावार्रो तोमास कोलंबियात. हुआन रामोन हिमेनेस आणि त्याची पत्नी सेनोबिया काम्प्रुबी मेरीलँड विद्यापीठात शिकवत. या जोडप्याशी आपलं नातं आहे: स्पॅनिश वाचकांपर्यंत रवींद्रनाथ पोचवले ते या दोघांनी. सेनोबिया इंग्रजीवरून भाषांतर करी आणि हिमेनेस त्यावर हात फिरवी. ‘चंद्रकोर’ म्हणजे ‘द क्रेसेंट मून’ची त्यांची आवृत्ती १९१५ मधली.

नावार्रो तोमास ध्वनिशास्त्राचा माणूस. युद्धकाळात तो राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख होता. जानेवारी १९३९ मध्ये आन्तोनियो माचादो या थकलेल्या कवीबरोबर फ्रान्सची सरहद्द ओलांडणाऱ्यांत तोही होता; माचादो महिन्याभरात गेला. स्पेन आणि पोर्तुगालच्या खेडोपाडी हिंडून बोलींचा नकाशा तयार करण्याचं जे मोठं काम युद्धाने अर्धवट राहिलं, त्याच्या वह्या नावार्रोने न्यूयॉर्कपर्यंत सांभाळून नेल्या आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी त्या माद्रिदला परत केल्या. ज्या राजवटीने त्याला घालवलं, तिच्याच राजधानीत. संशोधन पुरं व्हावं एवढीच त्यामागची इच्छा.

या सगळ्यांत दूरगामी ठरला तो कास्त्रो. १९४८ मध्ये ब्वेनोस आयरेसला छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने असं मांडलं, की स्पॅनिश माणूस हा रोमन किंवा गॉथ वारशातून सरळ आलेला नाही. ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी हे तिघं काही शतकं शेजारी राहिले, त्या सहवासातून आणि संघर्षातून तो घडला. ‘शुद्ध कॅथलिक स्पेन’ ही फ्रँकोची अधिकृत कहाणी असताना हे लिहिणं म्हणजे मुळावरच घाव होता. गंमत अशी, की सर्वांत जोरदार प्रतिवाद फ्रँकोच्या माणसाने केला नाही. आर्जेन्टिनात निर्वासित होऊन राहिलेल्या, फ्रँकोविरोधी असलेल्या सांचेस-आल्बोर्नोस या इतिहासकाराने केला. वाद वर्षानुवर्षं चालला. कास्त्रोच्या काही विधानांना आज पुराव्याअभावी कुणी उचलून धरत नाही, पण प्रश्न विचारायची त्याची पद्धत टिकली. ‘ला सेलेस्तिना’चा कर्ता फेर्नान्दो दे रोहास हा बाटलेल्या यहुदी कुटुंबातला होता, त्याच्या संवादांतला कडवटपणा त्या धास्तीतून आला का, यावर कास्त्रोच्या शिष्यांनी ग्रंथ लिहिले. आजच्या विद्यार्थ्याला मध्ययुगाच्या पेपराला हा वाद टाळता येत नाही. आपल्या देशात ‘आपण कोण’ या प्रश्नावर जी रणं माजतात ती पाहता मराठी वाचकाला तो परका वाटायचं कारण नाही.

दुसरा मोठा पैसा आला तो रशियाच्या उपग्रहामुळे. स्पुटनिक १९५७ मध्ये उडाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. विज्ञान-गणिताबरोबर परकीय भाषांना त्यात भरघोस निधी होता. १९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली, आणि दक्षिणेकडचे शेजारी काय विचार करतात हे जाणून घेणं वॉशिंग्टनला एकाएकी निकडीचं झालं. लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासाची केंद्रं निघाली, शिष्यवृत्त्या निघाल्या. सरकारला तज्ज्ञ हवे होते. मिळाले ते मुख्यतः कादंबरीचे वाचक. कारण नेमक्या याच दशकात बोर्खेस, कोर्तासार, फुएन्तेस, व्हार्गास योसा यांची पुस्तकं जगभर गाजू लागली होती. १९६७ मध्ये गार्सिया मार्केसची ‘शंभर वर्षांचा एकांत’ आली, १९७० मध्ये ग्रेगरी राबासाचं इंग्रजी भाषांतर आलं. स्वतः राबासा कोलंबियात पीएच.डी. झालेला प्राध्यापक. तोवर लॅटिन अमेरिकी साहित्य म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटी वेळ उरला तर घ्यायचा भाग होता. आता नवे प्रवेश त्याच्यासाठीच होऊ लागले. आज बऱ्याच विभागांत स्पेनचं साहित्य शिकवणारे अल्पसंख्य आहेत.

सत्तरच्या दशकात निर्वासितांची दुसरी लाट आली, ती दक्षिणेकडून. चिले, उरुग्वाय, आर्जेन्टिना या तिन्ही देशांत लष्कराने सत्ता बळकावली आणि तिथले समीक्षक अमेरिकेत येऊन पोचले. उरुग्वायचा आन्हेल रामा त्यांतला सर्वांत तेजस्वी. तो मेरीलँडला शिकवत असताना १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत राहायची परवानगी नाकारली गेली. ज्या हुकूमशाहीमुळे तो देशाबाहेर राहिला, तिचा शत्रू म्हणून नव्हे, डावा म्हणून. तो पॅरिसला गेला. नोव्हेंबर १९८३ मध्ये बोगोटाला एका परिषदेला जाताना माद्रिदजवळ विमान कोसळलं. त्यात रामा, त्याची पत्नी कलासमीक्षक मार्ता त्राबा, पेरूचा मानुएल स्कोर्सा आणि मेक्सिकोचा खोर्खे इबार्गुएन्गोइतिया हे सगळेच गेले. ‘ला स्युदाद लेत्रादा’ हे रामाचं पुस्तक त्याच्यामागून निघालं. लॅटिन अमेरिकेत वसाहतीपासून सत्ता कशी लिहिणाऱ्यांच्या हातात राहिली, शहरं आधी कागदावर आणि मग जमिनीवर कशी उभी राहिली, हे त्यात आहे. गेली चाळीस वर्षं पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला बसणाऱ्याने ते वाचलं नसेल अशी शक्यता कमीच.

यानंतर सिद्धान्ताचा काळ आला, आणि तिथे एक भारतीय धागा आहे जो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सबाल्टर्न स्टडीज’चे खंड काढले ते भारतातल्या शेतकरी उठावांचा इतिहास खालून लिहिण्यासाठी. मध्य अमेरिकेतल्या क्रांत्या थकल्यावर, १९९० मध्ये निकाराग्वात क्रांतिकारी सान्दिनिस्ता पक्ष निवडणूक हरल्यावर, अमेरिकेतल्या जॉन बेव्हर्ली, इलेआना रोद्रिगेस वगैरे मंडळींनी उघडपणे या भारतीय गटाचं नाव घेऊन लॅटिन अमेरिकन सबाल्टर्न गट काढला. त्याच सुमारास बोलिव्हियात सिल्व्हिया रिव्हेरा कुसिकान्की आणि रोस्साना बार्रागान या दोघींनी भारतीय निबंधांची स्पॅनिश भाषांतरं करून १९९७ मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे बंगालच्या आणि बिहारच्या रयतेवरचं लेखन ला पासमध्ये स्पॅनिशमधून वाचलं जात होतं. अमेरिकेतला गट दहाएक वर्षांत विसकटला. त्यावरची सर्वांत टोकदार तक्रार अशी होती, की लॅटिन अमेरिकेवरचा सिद्धान्त इंग्रजीत, अमेरिकी विद्यापीठांत तयार होतो आणि लॅटिन अमेरिकेत आयात होतो. तिथल्या विचारवंतांचं दीडशे वर्षांचं लेखन पुरावा म्हणून वापरलं जातं, विचार म्हणून नाही. पेरूचे आन्तोनियो कोर्नेहो पोलार, जे स्वतः पिट्सबर्ग आणि बर्कलीला शिकवत होते, त्यांनी १९९७ मध्ये मृत्यूपूर्वी लिहिलेल्या एका छोट्या लेखात हीच चिंता मांडली. त्या लेखाचं महत्त्व मला त्या काळातल्या अनेक जाड ग्रंथांपेक्षा जास्त वाटतं.

सिद्धान्ताने एक चांगलं काम मात्र नक्की केलं. वसाहतकाळाची यादी उघडली. पूर्वी कोर्तेसची पत्रं आणि विजेत्यांच्या बखरी यांवर भागत असे. आता ग्वामान पोमा दे आयाला अपरिहार्य आहे. पेरूतल्या या मूळनिवासी लेखकाने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून सुमारे बाराशे पानांचा खलिता लिहिला, त्यात जवळपास चारशे चित्रं काढली, केचुआ आणि स्पॅनिश एकमेकांत मिसळून. राजाने तो वाचल्याचा कुठलाही माग नाही. हस्तलिखित १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात सापडलं आणि आता ते पानापानानं इंटरनेटवर आहे. त्याचं व्याकरण ‘चुकलेलं’ आहे असं जुने पंडित म्हणत. चुकीतूनच काय कळतं ते पाहायला येलच्या रोलेना आदोर्नोसारख्या अभ्यासकांनी शिकवलं. यामुळे काही विभागांत स्पॅनिशच्या विद्यार्थ्याला केचुआ किंवा नाहुआत्ल या मूळनिवासी भाषा शिकायची सोय झाली. स्पेनच्या बाजूनेही तसंच झालं: कातालान, बास्क, गालिसियन यांना धरून ‘इबेरियन अभ्यास’ उभा राहिला. पोर्तुगीज तर आधीपासूनच सोबत आहे. बहुतेक ठिकाणी विभागाचं नावच ‘स्पॅनिश आणि पोर्तुगीज’ असतं. पोर्तुगीज दप्तर वाचू शकणाऱ्या गोव्याच्या अभ्यासकाला ही बाजू खरं तर जवळची आहे.

एवढं सगळं एका विद्यार्थ्याने वाचायचं कसं, हा रोकडा प्रश्न उरतोच. एम.ए. दोन वर्षांचं असतं आणि त्याच्या शेवटी यादीवर परीक्षा होते. पीएच.डी.त आणखी दोनेक वर्षं अभ्यासक्रम, मग लेखी-तोंडी सर्वंकष परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा, मग प्रबंध. सगळं धरून सहा-सात वर्षं सहज जातात. पूर्वी ‘सिद’पासून आजपर्यंत सगळं यायला हवं असा दंडक होता. आता बहुतेक ठिकाणी विद्यार्थी गाईडच्या मदतीने दोन-तीन विषयांच्या स्वतःच्या याद्या बनवतो. यात सोय आहे, पण किंमतही आहे. लोपे दे व्हेगाचं एकही नाटक न वाचता मेक्सिकोच्या अमली पदार्थांच्या टोळ्यांवरच्या कादंबऱ्यांचा डॉक्टर होता येतं. मला हे थोडं खटकतं, हे लपवत नाही. मात्र नोकरीच्या मुलाखतीत कॉलेज ‘तुम्ही काय काय शिकवू शकाल’ असं विचारतं तेव्हा हीच त्रुटी अंगाशी येते, हे खटकण्यापेक्षा गंभीर आहे.

आणि इथे पुन्हा सकाळचा तास येतो. २००७ मध्ये आधुनिक भाषा संघटनेने एक अहवाल काढून सांगितलं, की भाषा विभागांत दोन मजले झाले आहेत: खाली कमी पगाराचे, कंत्राटी, भाषा शिकवणारे, वर कायम नोकरीचे, साहित्य शिकवणारे, आणि निर्णय सगळे वरचा मजला घेतो. अहवालाचं सगळ्यांनी स्वागत केलं आणि मजले तसेच राहिले. या व्यवस्थेत सर्वांत जास्त उपेक्षा झाली ती खालच्या वर्गात बसलेल्या एका विशिष्ट मुलाची: ज्याच्या घरात आई स्पॅनिश बोलते. त्याला ऐकून सगळं कळतं, बोलताही येतं, लिहिता येत नाही, आणि पुस्तक त्याला परदेशी समजून शिकवतं. लेखिका ग्लोरिया आन्साल्दुआने टेक्ससच्या सरहद्दीवरचं आपलं शिक्षण लिहून ठेवलं आहे. कॉलेजात मेक्सिकन वंशाच्या मुलांना उच्चार घासूनपुसून घ्यायचे तास सक्तीचे होते. तिने ऑस्टिनला पीएच.डी. सुरू केली, ती सोडली. १९८७ मध्ये तिचं ‘बॉर्डरलँड्स’ हे इंग्रजी-स्पॅनिश सरमिसळीचं पुस्तक निघालं आणि आज ते देशभर शिकवलं जातं. पदवी तिला सान्ता क्रूझच्या विद्यापीठाने दिली २००५ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर.

या मुलांना प्रथम गांभीर्याने घेतलं ते भाषावैज्ञानिकांनी. न्यूयॉर्कच्या प्वेर्तोरिकन वस्तीतली माणसं एकाच वाक्यात दोन भाषांत ये-जा करतात ती अज्ञानामुळे नसते, तिला नियम असतात आणि दोन्ही भाषांवर पकड असणारेच ती सफाईने करतात, असं शाना पॉपलॅकने १९८० च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिलं. ग्वादालुपे व्हाल्देससारख्यांनी अशा, घरातून भाषा मिळालेल्या वारसाभाषकांसाठी वेगळं अध्यापनशास्त्र उभं केलं. परिणाम असा, की आज अनेक विभागांत साहित्यापेक्षा भाषाविज्ञानाच्या प्रबंधांना नोकरीचा आधार अधिक आहे. साहित्यवाले यावर नाकं मुरडतात. मुरडोत.

दुसरी नवी वाट सर्जनशील लेखनाची. आयोवा आणि न्यूयॉर्क विद्यापीठांत स्पॅनिशमधून लेखन शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. ह्यूस्टनला स्पॅनिशमध्ये सर्जनशील लेखनाची पीएच.डी. आहे, ती उभारली क्रिस्तिना रिव्हेरा गार्सा या मेक्सिकन लेखिकेने. तिला २०२४ मध्ये, खून झालेल्या बहिणीवरच्या पुस्तकासाठी, पुलित्झर मिळालं. ह्यूस्टनमध्येच १९९२ पासून अमेरिकेतल्या जुन्या स्पॅनिश वर्तमानपत्रांचा, पुस्तकांचा, कागदपत्रांचा शोध घेणारा प्रकल्प चालू आहे. त्याच्या फडताळांत १८४८ नंतरच्या त्या विसरलेल्या नागरिकांचं लेखन सापडतं. स्पॅनिश ही अमेरिकेची देशी भाषा आहे हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा कुठला.

आता आकडे. आधुनिक भाषा संघटनेच्या गणनेनुसार २००९ मध्ये अमेरिकी कॉलेजांत स्पॅनिशच्या वर्गांत साडेआठ लाखांहून अधिक नोंदण्या होत्या. २०१६ मध्ये त्या सात लाख बारा हजारांवर आल्या, २०२१ मध्ये पाच लाख चौऱ्याऐंशी हजारांवर. सगळ्या परकीय भाषांच्या नोंदण्यांतला जवळपास निम्मा वाटा अजूनही एकट्या स्पॅनिशचा आहे, एवढंच समाधान. स्पॅनिश बोलणारे कमी झालेले नाहीत. महाविद्यालयांनी भाषेची सक्ती काढली, कर्जाच्या ओझ्याखालचा विद्यार्थी नोकरीची पदवी शोधू लागला, आणि मंदीनंतर प्राध्यापकपदाच्या जाहिराती दशकभरात निम्म्याच्या आसपास आल्या. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने जागतिक भाषांचा अख्खा विभाग बंद केला. निदर्शनं झाल्यावर स्पॅनिश आणि चिनीच्या तासांपुरते मोजके शिक्षक ठेवले. राखलं काय ते पाहण्यासारखं आहे. सकाळचा तास राखला, दुपारचा गेला.

भारतात चित्र उलटं आहे. इथे घरात स्पॅनिश कुणाच्या नाही, आणि विद्यार्थी शून्यापासून सुरू करतो. दिल्लीतलं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही एम.ए. आणि संशोधनाची ठळक ठिकाणं. स्पेन सरकारची सर्व्हांतेस संस्था दिल्लीत २००९ पासून आहे. पुण्यात परकीय भाषा म्हटलं की रानडे इन्स्टिट्यूट आठवतं आणि त्यामागून जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी. स्पॅनिशचे वर्ग मुख्यतः प्रमाणपत्राचे आणि नोकरीवर नजर ठेवून. तरी आपला पूर्वज या वाटेवर आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यातून हिंडत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर स्पॅनिशमध्ये लिहू लागले. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. भाषा त्यांनी कुठल्या विभागात शिकली नव्हती. स्पॅनिशमधल्या त्यांच्या लेखनावर एखादा नेटका प्रबंध लिहायला मेक्सिकोचं दप्तर आणि मराठी कागद दोन्ही वाचणारा माणूस लागेल.

असा माणूस अमेरिकेत पीएच.डी.ला जायचं ठरवत असेल तर विद्यापीठाच्या नावापेक्षा चार गोष्टी त्याने आधी पाहाव्यात. पगार किती वर्षांची हमी देऊन मिळतो आणि उन्हाळ्यात मिळतो का. आठवड्याला किती तास शिकवायचं आणि नेहमी भाषेचा पहिल्या पातळीचाच वर्ग की पुढे साहित्याचाही. गेल्या पाच-सात वर्षांत पदवी घेतलेले कुठे आहेत, हे विभाग नावानिशी सांगतो की टाळतो. आणि प्रबंध कोणत्या भाषेत लिहिता येतो: इंग्रजीत लिहिला तर अमेरिकेतली नोकरी सोपी, स्पॅनिशमध्ये लिहिला तर लिमा आणि मेक्सिको सिटीतले वाचक मिळतात, कोर्नेहो पोलार यांची तक्रार वाचून मगच याचा निर्णय घ्यावा. शक्य असेल तर विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलून घ्यावं, प्राध्यापकांना न सांगता. ते खरं सांगतात.